केशरगंध लागलेला रोळ

"निवू द्या आधी. तापल्याली वस्तू खरं बोलत न्हाई."

बशीर पिंजारी हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सांगलीत ज्याच्या टेबलावर लेझर प्रिंटर आहे, त्यानं ते एकदा तरी ऐकलेलं आहे. मशीन बिघडलेलं असायचं, काम तुंबलेलं असायचं, मालक खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालत असायचा. बशीरचाचा येत, वायर काढत, मागचं दार उघडत आणि स्टुलावर बसून राहत. अर्धा तास, कधी पाऊण तास.

"आवं चाचा, काय तरी करा की!"

"करतोय की. निवू द्या आधी."

प्रिंटरच्या पोटात, अगदी शेवटाला, दोन रोळ एकमेकांना चिकटून फिरत असतात. वरचा तापलेला, खालचा रबराचा. लोकांना वाटतं कागदावर शाई उमटते. शाई नसतेच. काळी भुकटी असते, पिठाहून बारीक. तिची अक्षरं कागदावर नुसती टेकलेली असतात, चिमणी धुळीवर पाय टेकते तशी. कागद त्या दोन रोळांच्या मधून गेला की भुकटी वितळते, कागदाच्या अंगात शिरते आणि मग अक्षर कायमचं होतं. त्या जागेला फ्युजर म्हणतात. प्रिंटरमध्ये आणखी शंभर जागा असतात, पण चाचांनी तीस वर्षं ही एकच जागा सांभाळली. बाकीचं कोणीही करील, म्हणायचे.

ते मूळचे आटपाडीचे. आमच्या आटपाडीत आभाळ मोठं आणि पाणी थोडं. त्यांचे वडील कापूस पिंजत. खांद्यावर धनुष्यासारखी लांबलचक पिंजण घेऊन माणदेशातली गावं पायी फिरत. तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, तणाणली की ओसरीवर पांढरा धूर उठल्यासारखा कापूस उठायचा आणि सावकाश, अगदी सावकाश खाली यायचा. लहानपणी बशीर त्याच कापसात झोपी जात. झोपेत तातेचा आवाज यायचा, तुंण्ण, तुंण्ण, आणि आपण ढगात पडलोय की घरात, ते जागं झाल्याशिवाय कळत नसे. फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजण भिंतीवर गेली. बशीर अठराव्या वर्षी सांगलीला आले, टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. टाइपरायटर गेले, झेरॉक्स आली. झेरॉक्सच्या मागोमाग प्रिंटर आले. पण कापसाचा हात तोच राहिला. रोळ पुसायला चाचा बाजारातलं फडकं घेत नसत. जुनी धोतरं पाच वेळा धुऊन, उन्हात कडक वाळवून, हातरुमालाएवढे तुकडे करून डब्यात ठेवत.

सांगलीत त्यांचं सगळ्यात जास्त काम मार्केट यार्डात. हळदीच्या पेठेत हवाच पिवळी असते. ती पंख्यावर बसते, माणसाच्या भुवईवर बसते, प्रिंटरच्या पोटातही जाऊन बसते. कागदावर डाग आला की चाचा आधी मशीनकडे बघतच नसत. कागद मांडीवर पसरत आणि एका डागापासून दुसऱ्या डागापर्यंत बोटं टेकवत जात. आतल्या प्रत्येक रोळाचा घेर वेगळा. डाग किती बोटांवर पुन्हा येतो, त्यावरून कुठला रोळ मळलाय ते कळतं.

"चार बोटं. खालचा रबरी," ते म्हणत, तेव्हा कव्हरसुद्धा उघडलेलं नसे.

बाळासो नावाच्या एका अडत्यानं रोळ करकरतोय म्हणून त्याला खोबरेल तेल पाजलं होतं. चाचांनी बराच वेळ त्या चकचकीत रोळाकडे पाहिलं आणि विचारलं, "वेणी घालायची हुती व्हय हिची?" पेठेत वर्षभर बाळासोला लोक तेवढंच विचारत राहिले.

पुढची गोष्ट गेल्या माघातली. विश्रामबागेत गुणमालाअक्का राहतात, त्यांच्या घरातली.

अक्कांचं एक व्रत पुरं झालं होतं. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आपल्या जैन मंदिरात, त्याचं उद्यापन होतं. उद्यापनाला शास्त्रदान करतात, धर्माची पुस्तकं वाटतात. बहुतेक लोक विकत आणून वाटतात. अक्कांनी वर्षभरापूर्वी बस्तीत सगळ्यांसमोर हात जोडून संकल्प सोडला होता, की माझ्या आईच्या ओव्यांच्या एकशे आठ प्रती मी माझ्या हातानं, माझ्या घरात छापून वाटीन.

त्यांची आई निरक्षर होती. हळद शिजवताना, चुलाणापुढं बसून, तिनं चोवीस तीर्थंकरांच्या ओव्या रचल्या होत्या. आई गायची आणि शाळेत जाणारी गुणमाला वहीत उतरवून घ्यायची. आई जाऊन अकरा वर्षं झाली. मागं राहिली ती वही.

अक्कांचा मुलगा जिनेश घराच्या पुढच्या खोलीत करसल्लागाराचं काम करतो. प्रिंटर त्याचाच. त्यानं ओव्या संगणकावर उतरवून दिल्या, कागद कसा घालायचा ते आईला दाखवलं. उद्यापनाच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का आंघोळ करून, निर्जळी उपास धरून मशीनपुढं बसल्या. पहिल्या प्रतीचा पहिला कागद बाहेर आला. वर आईचं नाव. कागद कोमट होता. अक्कांनी तो कपाळाला लावला.

आणि मग त्यांनी जे केलं, ते त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. नवी वही, नवं पुस्तक, नवं कपाट, पहिल्यांदा त्यावर गंधाचं स्वस्तिक काढायचं. सकाळीच केशर-चंदन उगाळलेलं होतं. अक्कांनी अनामिकेनं आईच्या नावाखाली स्वस्तिक काढलं, हात जोडले, आणि मागची बाजू छापायला तोच ओला कागद पुन्हा मशीनमध्ये घातला.

मशीननं तो घेतला. खोलीत चंदनाचा वास दरवळला. अक्कांना वाटलं, शुभ झालं.

दुसऱ्या कागदाच्या पाठीवर फिकट पिवळे ठसे आले. तिसऱ्यावर गडद. ठशाच्या जागी अक्षरं फरफटली. चौथा कागद, म्हणजे पहिल्या प्रतीचा शेवटचा, अर्धा आत आणि अर्धा बाहेर असा अडकला आणि मशीन कण्हत थांबलं.

"आई! ओलं गंध कोण घालतं का मशीनमध्ये?" जिनेशनं पेचकस उचलला.

"ओढू नको रे! आईचं पान आहे ते."

"मग दुसरीकडून छापून आणू या. दोन तासांचं काम आहे."

"बस्तीत सांगितलंय मी. माझ्या हातानं, माझ्या घरात."

"लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय की," अक्का म्हणाल्या. त्यावर जिनेशनं चाचांना फोन लावला.

चाचा त्या वेळी बसस्टँडकडं निघाले होते. त्यांची लेक मिस्बाह साताऱ्याला असते, तिच्याकडं कायमचे चालले होते. दुकानाची किल्ली घरमालकाला दिलेली होती. खांद्याला पिशवी, पिशवीत तीन कपडे आणि धोतराच्या तुकड्यांचा डबा. आयुष्यभराचा डबा कुठं टाकायचा, म्हणून बरोबर घेतला होता.

"मी काम सोडलंय, जिनेश."

"चाचा, आईचं उद्यापन आहे उद्या, आज निर्जळी उपास आहे तिचा. मी उघडतोच होतो, म्हटलं एकदा विचारावं."

"हातात काय हाय तुज्या?"

"पेचकस."

"खाली ठेव त्यो. वायर काढ. येतो मी."

दुपारचे दोन वाजले असतील. चाचा आले, पिशवी दाराशी ठेवली. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"बशीरभाई, बसा. चहा टाकते."

"तुमचा निर्जळी उपास, आनि मी तुमच्यापुढं चा पिऊ? ऱ्हाऊ द्या, अक्का." मग त्यांनी खोलीची हवा हुंगली. "काय वास हाय ह्यो? देव्हाऱ्यात बसल्यागत वाटतंय."

"माझ्या हातून चूक झाली," अक्का म्हणाल्या. त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना डोळे मशीनवरून हलत नव्हते.

चाचांनी तीन कागद मांडीवर घेतले. पिवळ्या ठशावरून पिवळ्या ठशावर बोटं टेकवत गेले. "चार बोटं," पुटपुटले. मग मागचं दार उघडून स्टुलावर बसले.

"आता?" जिनेशनं विचारलं.

"निवू द्या आधी."

"चाचा, संध्याकाळपर्यंत चारशेच्या वर कागद काढायचेत. मग ते दुमडायचे, टाचायचे."

"तापल्याली वस्तू खरं बोलत न्हाई, बाळा. आत्ता पुसलं तर गंध पसरंल, रबर फाटंल आनि आपल्याला वाटंल साफ झालं. बस तू बी."

तिघंही बसली. खिडकीतून उतरतं ऊन फरशीवर आलं होतं. रस्त्यावरून एखादी दुचाकी जायची, मग पुन्हा शांत. मशीनच्या उघड्या दारातून उबेचा लोट येत होता आणि त्या उबेत केशर आणि चंदन तरंगत होतं. चाचांनी डोळे मिटले.

"असा वास आमच्या घरात कवा नव्हता," ते म्हणाले. "आमच्यात कापसाचा वास. बाप पिंजायला लागला की मी तोंड उघडं टाकून बघत बसायचो. कापूस वर जायचा. वाटायचं, आता काय ह्यो खाली येत न्हाई."

"येत होता का?"

"यायचा. लय उशिरा यायचा. तवर बाप बोलायचा न्हाई."

"आईपण हळद शिजेपर्यंत बोलत नव्हती," अक्का म्हणाल्या. "गायची नुसती. हाताला इतकी हळद बसलेली, की वहीला हात लावायची नाही. लांबूनच म्हणायची, लिहिलंस का गं? दाखव. मी वही धरायची, ती बघायची. वाचता तर येत नव्हतं. तरी प्रत्येक ओळ बघायची."

घड्याळाचा काटा कुठंतरी सरकत होता. ऊन स्टुलाच्या पायापाशी आलं. जिनेशनं दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा पाहायचं त्यालाही आठवलं नाही.

पुष्कळ वेळानं चाचा उठले. हात आत घालून रोळावर बोटं ठेवली. क्षणभर ठेवली आणि म्हणाले, "निवला. जिनेश, ह्यो खटका दाब, मी कागद सोडवतो."

जिनेशनं हात घातला आणि "आई गं!" म्हणून झटक्यात मागं घेतला. रोळ अजून चांगलाच तापलेला होता.

तो चाचांच्या हाताकडं बघू लागला. अक्काही बघू लागल्या. चाचांची दोन बोटं अजून रोळावरच होती. त्यांनी ती सावकाश उचलली आणि उजेडात धरली. टोकं पांढरी पडली होती. ते बोटांकडं बघत राहिले, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.



"कधीपासून?" अक्कांनी हळू विचारलं.

"वरीस झालं." चाचांनी हात मांडीवर ठेवला. "आदी टोकं गेली. आता पेरं. डाक्टर म्हनला, साखर हाय, त्यात आयुष्यभर भाजून घेतलंया. मापायला चालत्यात अजून, डोळं हायती म्हनून. पर रोळ साफ झाला का न्हाई, ते डोळ्याला दिसत न्हाई, अक्का. ते बोटालाच कळतं. म्हनून किल्ली देऊन टाकली."

जिनेशनं मलम आणलं. चाचांनी ते लावून घेतलं, पण ते लावल्याचंही त्यांना कळत नसावं. मग त्यांनी मशीनकडं पाहिलं आणि किंचित हसले.

"निवू द्या अजून. आज मीच घाई केली."

तिघंही पुन्हा बसली. या खेपेस अक्कांनी मधूनमधून उठून रोळाजवळ तळहात धरला. "अजून नाही," म्हणायच्या. "अजून नाही." अखेर त्यांनी रोळाला मनगट लावलं, बाळाचं दूध बघतात तसं, आणि म्हणाल्या, "आता निवला."

चाचांनी सांगितलं तसे जिनेशनं खटके दाबले. रोळांची पकड सुटली. अडकलेला कागद चाचांनी दोन्ही तळहातांवर घेऊन बाहेर काढला, पाळण्यातून मूल उचलतात तितक्या बेतानं.

"श्वास धरा," ते म्हणाले. "वरल्या ओळी पक्क्या हायती. खालची नुसती टेकल्याली हाय. फुंकर लागली तर उडंल."

अक्का वाकल्या. वरचा भाग चुरगळलेला, पिवळट, पण वाचता येत होता. आणि तळाशी, काळ्या भुकटीत, कागदाला धड न चिकटलेली, आईच्या वहीतली शेवटची ओळ. वरची आणि ती मिळून ओवी अशी:

शेवटली माझी ओवी महावीराच्या दारात
हळदीचं हात माझं, उभी ऱ्हायले उन्हात

अक्कांनी तोंडावर पदर धरला. रडू आलं म्हणून की श्वास लागू नये म्हणून, ते सांगता येणार नाही.

"हे पान टाकायचं नाही," त्या पदरातून म्हणाल्या. "शास्त्राचं पान रद्दीत जात नाही आमच्यात."

"टाकतंय कोन? इस्त्री हाय का घरात?"

जिनेशनं इस्त्री आणली, तापवली. चाचांनी ती त्याला उलटी धरायला लावली, तापलेली बाजू आभाळाकडं. मग कागद तिच्यावर अलगद उतरवला, अक्षरं वर, पाठ खाली. पापणी लवायच्या आत भुकटी ओली झाल्यासारखी चमकली. एक एक अक्षर जागं झाल्यासारखं. मग चमक विझली. चाचांनी कागद उचलून अक्कांपुढं धरला.

"बोट फिरवा."

अक्कांनी आईच्या ओळीवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. ओळ कागदाची झाली होती.

मग रोळ. दोन स्क्रू सोडून फ्युजर बाहेर काढला, वर्तमानपत्रावर ठेवला. रबरी रोळावर केशरी पापुद्रा बसला होता, उन्हात वाळलेल्या रंगासारखा. चाचांनी डब्यातून धोतराचा तुकडा काढला, त्यावर चार थेंब स्पिरिट टाकलं आणि तो अक्कांपुढं धरला.

"मी?" अक्का म्हणाल्या.

"तुमचा संकल्प तुमच्या हाताचा हाय न्हवं? मग पुसायचं बी तुमीच. मी हितं बसतो."

अक्का पाटावर बसल्या. चाचा बोलत होते आणि त्या करत होत्या. "दाबू नगा. पापड फिरवल्यागत फिरवा. एका दिशेनं. नख लावू नगा. आता कोरडं फडकं. आता डोळं मिटा आनि बोट फिरवा. काय लागतंय?"

"थोडं खरखरीत."

"कुठं?"

"इथं. डाव्या अंगाला."

"तितं अजून दोनदा. आता?"

"आता अगदी..." अक्का शब्द शोधत थांबल्या. "लहान मुलाच्या गालासारखं."

चाचांनी मान डोलवली. "तेवढंच पायजे. हे ज्याला सांगता आलं त्याला समदं आलं. वरल्या रोळाचं टेफ्लॉन मातर नुसत्या कोरड्या फडक्यानं. त्याला स्पिरिट दाखवू नगा."

पुसताना फडकं केशरी होत गेलं. स्वस्तिकच पुसतोय आपण, असं मनात येऊन अक्कांचा हात एकदा थांबला. त्यांनी चाचांकडं पाहिलं. चाचा म्हणाले, "फडक्यात आलं की. गेलं कुठं?" आणि अक्का पुन्हा पुसू लागल्या.

फ्युजर बसवला, स्पिरिट उडून जायला आणखी थोडा वेळ दिला, वायर लावली. मशीन तापायला लागलं. जिनेशनं कोरा कागद सोडला. तो पांढरा शुभ्र बाहेर आला. चाचांनी तो उन्हाकडं धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि जिनेशकडं दिला.

"आता ओव्या," अक्का म्हणाल्या. "आणि गंध सगळं झाल्यावर. बाहेरून."

"चालतंय. लावा की हवं तितकं," चाचा हसले.

अक्कांनी बटण दाबलं. पहिला कागद आला. स्वच्छ. दुसरा आला. आईचं नाव, आईच्या ओव्या, एकाखाली एक, काळ्याभोर. चौथ्या कागदापर्यंत चाचा उभे होते. मग त्यांनी डबा उघडला, आतले सगळे तुकडे काढून टेबलावर ठेवले आणि डबा परत पिशवीत टाकला.

"हे कशाला, बशीरभाई?"

"साताऱ्याला कुठला प्रिंटर पुसू? तुमच्या हाताला आलंय आता. जिनेशच्या हातात पेचकस देऊ नगा, एवढंच."

"चाचा!" जिनेश म्हणाला.

"निवू दे, बाळा, निवू दे," चाचा म्हणाले आणि चपला घालू लागले.

अक्का पैशाचं काहीतरी बोलल्या, ते त्यांनी ऐकलं नाही. मग अक्कांनी पिवळ्या ठशांची ती पहिली प्रत उचलली. इस्त्रीवर पक्की झालेली शेवटची ओळ, वर चुरगळलेला कोपरा. खरं तर ती बस्तीत देवापुढं ठेवायची होती. त्यांनी ती घडी करून चाचांच्या पिशवीत डब्यावर ठेवली.

"मिस्बाहला वाचून दाखवायला सांगा. एकशे आठ मी अजून छापते. ही एकशे नववी."

चाचांनी पिशवी खांद्याला लावली. दारातून उतरले, फाटक उघडलं, लावलं. ऊन उतरून रस्त्यावर केशरी झालं होतं. ते घाईनं चालत नव्हते. पिशवी एका खांद्यावर, दुसरा हात मोकळा, खांदा जरासा वाकलेला, जसा पिंजण वाहणाऱ्याचा वाकतो. विश्रामबागेच्या चौकाकडं ते लहान होत गेले. एकदा थांबले. मलम लावलेली बोटं वर करून त्यांनी त्यांवर हळूच फुंकर घातली. मग वळणाआड गेले.

आत मशीन एकेक कागद टाकत होतं. अक्का फाटकाशी उभ्या होत्या. हातात केशरी झालेलं धोतराचं फडकं होतं आणि ते त्यांनी अजून कुठं ठेवलं नव्हतं.